सातवा बिंदू

“तोंड बाजूला घे, वैजू,” सारिका म्हणाली आणि सायकलच्या पंपाची नळी तिने माझ्या लॅपटॉपच्या मागच्या जाळीला लावली. दोन दट्टे मारले. आतून राखाडी धुळीचा गोळा निघाला आणि टेबलावर पडला.

“बघ, उंदराचं पिल्लू निघालं. यानंच अडवलं होतं सगळं.”

मी लॅपटॉप सुरू केला आणि वेग दाखवणारी खिडकी उघडली. ०.७८.

“अजून तेवढाच,” मी म्हणाले.

“थांब की जरा. आत्ता तर नाक मोकळं झालंय त्याचं, लगेच कुठं पळतंय.”

आम्ही पाच मिनिटं थांबलो. आकडा हलला नाही. माझा प्रोसेसर २.६ गिगाहर्ट्झवर चालायला हवा होता. सोमवारी सकाळपासून तो ०.७८ वर अडकला होता आणि आता मंगळवारची दुपार झाली होती.

या गोष्टीला तेरा वर्षं झाली. मराठवाड्यातल्या एका विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात मी पीएच.डी. करत होते. सारिका टोम्पे माझ्याबरोबर होती. मार्गदर्शक एक, प्रयोगशाळा एक, वसतिगृहातली खोलीही एक. विभागाकडे मोठा संगणक नव्हता. मार्गदर्शक केंद्रे सरांनी प्रकल्पाच्या निधीतून एकाच दुकानातून दोन सारखे लॅपटॉप घेऊन आम्हाला दिले होते, आणि जी गणितं मोठ्या यंत्रावर करायची ती आम्ही त्यांवर करत होतो. ते कधी बंद नसत. दोन वर्षांत दोन्हींच्या बॅटऱ्या मेल्या. आम्ही त्या काढून कपाटात ठेवल्या आणि यंत्रं थेट विभागाच्या इन्व्हर्टरवर जोडली.

काम सांगायला सोपं होतं. स्फटिकातल्या अणूंमधलं अंतर थोडं थोडं वाढवत न्यायचं आणि दर अंतराला ऊर्जा किती होते ते काढायचं. अकरा अंतरं, म्हणजे आलेखावर अकरा बिंदू. ते जोडले की वाडग्यासारखी रेषा येते. वाडग्याचा तळ जिथे येतो, ते उत्तर. एका बिंदूला चौदा तास लागत. ०.७८ वर सत्तेचाळीस.

शनिवारी सकाळी अकरा वाजता बेंगळुरूच्या एका संस्थेतून डॉ. पद्मनाभन येणार होते. त्यांना वर्षभरासाठी एक संशोधक हवा होता. “जागा एक आहे आणि तुम्ही दोघी,” सरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं होतं. “मी कुणाचं नाव पुढं करणार नाही. आलेख दाखवा, ते ठरवतील.” माझे चार बिंदू झाले होते, सात राहिले होते. सोमवार सकाळपासून शनिवारपर्यंत ते बसत होते, वर एक दिवस हातात उरत होता. सारिकाचे सहा राहिले होते.

“उन्हाचं आहे हे,” ती पंप खाली ठेवत म्हणाली. “बाहेर बेचाळीस आहे. आपलंच डोकं चालत नाही, त्याचं काय चालणार.”

“आतलं तापमान एक्कावन्न दाखवतोय. तापला असता तर नव्वदच्या पुढे गेला असता. पंख्याचासुद्धा आवाज नाही.”

“मग सेन्सर गेला असेल. खोटं तापमान दाखवत असेल.”

हे शक्य होतं. मी वहीत लिहिलं: सेन्सर. कुठलीही गोष्ट बिघडली की मी आधी शक्यतांची यादी करते आणि मग एकेक तपासून खोडते. त्याआधी यादीत धूळ, उष्णता, वीज वाचवण्याची सेटिंग, व्हायरस आणि प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी, सुकलेली पेस्ट एवढं होतं. निम्म्या गोष्टी सारिकाने सुचवलेल्या होत्या.

“अॅडॅप्टर?” मी तेही लिहीत विचारलं.

“दिवा लागलाय ना त्याचा?”

“लागलाय.”

“मग करंट येतोय. लॅपटॉप चालू आहे म्हणजे येतोयच. चार्जरनं कधी बुद्धी मंद होते का?” ती हसली. “चल, जेवून घे. आईनं दशम्या पाठवल्यात, वाळल्या तर दगड होतील.”

मी अॅडॅप्टर ही ओळ खोडली. त्या यादीत न तपासता खोडलेली तेवढी एकच.

बुधवारी आम्ही पेस्ट बदलली. सारिकाने स्वतः दुपारच्या उन्हात गावात जाऊन ती आणली, वीस स्क्रू काढले, ते कागदावर क्रमाने मांडून ठेवले. हात तिचा माझ्यापेक्षा हलका होता. लॅपटॉप जोडून झाला, सुरू केला. ०.७८.

ती कपाळाला हात लावून बसली. “आता एकच राहिलं. सगळी सिस्टिम पुसून नव्यानं टाकायची.”

“पाचवा बिंदू चालू होता. पंप मारायच्या आधी साठवून ठेवलाय, तो जाईल. गणिताची सगळी साधनंही परत बसवावी लागतील. एक दिवस जाईल.”

“असा रांगत राहिला तर आठवडा जाईल. बघ बाई, तुझं तू ठरव. मला तुझी काळजी वाटते म्हणून सांगते.”

मी सिस्टिम पुसली. गुरुवारी दुपारी अडीच वाजता सगळं परत बसवून झालं. मी पुन्हा ती खिडकी उघडली. ०.७८. शेजारच्या टेबलावर सारिकाच्या लॅपटॉपचा पंखा सोमवारपासून वाजत होता तसाच वाजत होता. ती चहा प्यायला कँटीनमध्ये गेली होती. मला ‘चल’ म्हणाली होती, मी गेले नाही.

तेवढ्यात गंगाधरमामा आले. ते आमच्या प्रयोगशाळेचे परिचर, सगळे त्यांना मामाच म्हणायचे. बगलेत लांबडं रजिस्टर होतं. मार्चअखेर आली की विभागातली प्रत्येक वस्तू रजिस्टरशी ताडून बघायची, हे त्यांचं काम. त्याला डेड स्टॉकची तपासणी म्हणत.

“ताई, तुमचं उरकून घेतो. लॅपटॉप चारशे अकरा. हाय. अॅडॅप्टर चारशे बारा.” त्यांनी माझा अॅडॅप्टर उचलला. वर कागदाची चिठ्ठी होती, त्यांच्याच अक्षरात ४१२, वरून चिकटपट्टी. त्यांनी तो उलटा केला, चष्म्याजवळ नेला, वायर निघते ती बाजू अंगठ्याने पुसली.

“हा आपला न्हाई.”

“चिठ्ठी तर तुमचीच आहे, मामा.”

“चिठ्ठी माजी हाय. पट्टी माजी न्हाई. आन दुसरी खूण कुटंय?”

“दुसरी कसली?”

मामा स्टुलावर बसले. “मी अकरा वर्सं लायब्ररीत होतो. तितं पुस्तकाला दोन शिक्के असतेत, ताई. एक पैल्या पानावर, समद्यांना दिसायला. दुसरा आत ठरलेल्या पानावर, तो फकस्त आपल्याला म्हाईत. पोरं पैलं पान फाडतेत, दुसरं ऱ्हातं. मी हितं आलो तरी सवय गेली न्हाई. हरेक वस्तूवर दाभणानं एक बारीक आकडा कोरतो. ह्यावर न्हाई.”

ते उठून सारिकाच्या टेबलाकडे गेले. तिचं गणित चालू होतं म्हणून त्यांनी वायरला धक्का न लावता नुसतं वाकून बघितलं. मग मला बोलावलं. तिच्या अॅडॅप्टरवर ४१४ ची चिठ्ठी होती. ज्या बाजूने वायर निघते तिथे काळ्या प्लॅस्टिकवर, उजेड तिरका पडला की दिसावेत एवढे बारीक तीन आकडे होते. चार, एक, दोन.

“अदलाबदल झाली म्हणावं, तर एक आपला हायेच कुटं,” मामा म्हणाले. “चारशे चौदा गेला. ह्यो बाजारचा आणून ठिवलाय कुणीतरी.” त्यांनी पेन काढलं, माझ्याकडे बघितलं आणि टोपण परत लावलं. “मी सोमवारी येतो. तवर तुमचं तुमी बगा.”

ते गेल्यावर मी इंटरनेटवर शोधलं. यादीतल्या बाकी सगळ्या गोष्टींना मिळून तीन दिवस लागले होते, या एका गोष्टीला सहा मिनिटं लागली. आमच्या लॅपटॉपच्या जोडणीत मधोमध एक बारीक पिन असते. तिच्यातून लॅपटॉप अॅडॅप्टरला विचारतो, तू किती शक्तीचा. बाजारातल्या नकली अॅडॅप्टरला उत्तर देता येत नाही. उत्तर आलं नाही की लॅपटॉप स्वतःला सगळ्यात कमी वेगावर बांधून घेतो. सुरू होताना तशी सूचना पडद्यावर येते. मी लॅपटॉप बंद करून सुरुवातीच्या सेटिंगमध्ये गेले. ‘अॅडॅप्टरची सूचना दाखवू नये’ या ओळीपुढे खूण केलेली होती. मी ती केलेली नव्हती. सिस्टिम कितीही वेळा पुसली तरी ही खूण जात नाही.

माझ्या लॅपटॉपचा पासवर्ड आणखी एकाच माणसाला माहीत होता.

सारिका दोन पेले घेऊन आली. “तुला आणलाय. साखर कमी सांगितली.” तिने पेला माझ्यापुढे ठेवला. मग तिच्या टेबलाकडे बघितलं. अॅडॅप्टर वाकून बघताना मामांनी जराशी सरकवलेली वही तशीच तिरकी होती.

“मामा येऊन गेले,” मी म्हणाले. “त्यांची दाभणाने कोरलेली खूण असते. तुझ्या अॅडॅप्टरवर माझा नंबर आहे.”

ती स्टूल ओढून बसली. म्हणाली, “माझा गेल्या शनिवारीच जळाला. खोलीवर नेला होता मी, तू गावाला गेली होतीस तेव्हा. वीज गेली आणि आली ती दणक्यात आली.”

“सरांना सांगायचं.”

“काय सांगू? विभागाची वस्तू परवानगीशिवाय खोलीवर नेली? चौकशी, खुलासा, तीन कोटेशनं. नवा यायला जून उजाडला असता.” ती पेल्याकडे बघत बोलत होती. “रविवारी गावातून नवा आणला. लावला तर लॅपटॉप रांगायला लागला. मी शोधलं कारण. तुझ्यासारखंच.”

“मग?”

“सोमवारी सहाला आले. तू नऊला येतेस.”

“चिठ्ठ्या बदलल्यास.”

“हो.”

“सूचना बंद केलीस.”

“हो.”

“आणि पंप मारलास.”

तिने आपला पेला खाली ठेवला.

“मागितला असतास तर दिला असता मी,” मी म्हणाले. “आळीपाळीने वापरला असता. सोमवारपासून शनिवारपर्यंत आठ बिंदू बसत होते. चार तुझे, चार माझे. दोघींचे तळ दिसले असते.”

“हो. दिसले असते.” तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “आणि मग त्यांनी तुला घेतलं असतं. तुझा स्फटिक नवा आहे, वैजू. माझ्या स्फटिकावर आधीच दोघांनी काम करून ठेवलंय. नुसता तळ दाखवून माझं भागणार नव्हतं. तुझा दिसायला नको होता.”

ती हे इतक्या साध्या आवाजात बोलली की मी मान हलवली. हिशेब बरोबर होता.

“तुझ्या फेलोशिपचं अजून एक वर्ष आहे,” ती म्हणाली. “माझी या महिन्यात संपते. घरी गेले की भावाच्या शाळेत चिकटवतील आणि वर्षभरात लग्न. तुला एक वर्ष आहे, मला शनिवार आहे.”

मी उठले आणि तिच्या टेबलाशी गेले. तिच्या पडद्यावर वेग २.६ दाखवत होता. अकरावा बिंदू चालू होता. अॅडॅप्टरची वायर माझ्या हाताशी होती. बॅटरी नसल्यामुळे ती ओढली असती तर यंत्र त्याच क्षणी बंद झालं असतं आणि चौदा तासांतले अकरा वाया गेले असते.

“तीन तास राहिलेत,” सारिका म्हणाली. “सहाला संपेल. मग घेऊन जा. वैजू, काढू नको. हात जोडते.”

घड्याळात तीन वाजले होते. मी वायर सोडली.

चालू असलेलं गणित मध्येच तोडणं मला जमत नाही. तेव्हा मला वाटलं, कारण एवढंच आहे. आम्ही तीन तास त्याच खोलीत होतो. तिने एकदा पंखा वाढवू का म्हणून विचारलं, मी ‘वाढव’ म्हणाले. सहा वाजून दहा मिनिटांनी तिचा अकरावा बिंदू आला. तिने तो लिहून घेतला, यंत्र नीट बंद केलं, अॅडॅप्टर काढला, वायर गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवला आणि खोलीवर गेली.

मी पाचवा बिंदू सुरू केला. लॅपटॉपचा पंखा चार दिवसांनी पहिल्यांदा वाजला.

शनिवारी सकाळी अकरा वाजता माझ्याकडे सहा बिंदू होते. सातवा चालू होता, बारा वाजून दहा मिनिटांनी संपणार होता. गुरुवारी तीन वाजता सुरुवात केली असती तर तो नऊच्या सुमारास मिळाला असता.

आधी सारिकाने मांडलं. तिचा वाडगा अकरा बिंदूंचा, पूर्ण होता, तळ ठळक होता. डॉ. पद्मनाभन यांनी दोन प्रश्न विचारले, तिने दोन्हींची उत्तरं चांगली दिली. मग मी उभी राहिले. माझी रेषा सहा बिंदूंतून खाली येत होती आणि तिथेच संपत होती.

“ही अजून खालीच जाते आहे,” ते इंग्रजीतून म्हणाले. सत्तरीला आलेले, बारीक अंगाचे गृहस्थ होते, आवाज मऊ होता. “तळ कुठे आहे?”

“सातव्या बिंदूला रेषा वळेल असं मला वाटतं, सर. पण तो अजून आलेला नाही.”

“अकरापैकी सहाच का?”

“लॅपटॉपमध्ये बिघाड होता. प्रोसेसर पूर्ण वेगाने चालत नव्हता.”

केंद्रे सरांनी घसा साफ केला. “मार्चमध्ये आमच्याकडे फार ऊन असतं, सर.”

डॉ. पद्मनाभन यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांना कुतूहल वाटलं होतं. यंत्र बिघडलं की ज्या माणसांना कारण हवंच असतं, त्यांतले ते होते. “बिघाड सापडला का?”

“सापडला.”

“काय होता?”

सारिका पहिल्या रांगेत होती. तिने मांडीवरची वही दोन्ही हातांनी धरली होती. मी तिच्याकडे बघितलं नाही, आलेखाकडे बघत बोलले.

“माझा अॅडॅप्टर सोमवारपासून गुरुवारपर्यंत सारिकाच्या लॅपटॉपला जोडलेला होता. माझ्याकडे त्याच्या जागी नकली ठेवलेला होता. मला ते गुरुवारी कळलं.”

बाहेर कुणीतरी घंटा दिली. डॉ. पद्मनाभन यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “सातवा बिंदू आला की मला ईमेल करा,” ते म्हणाले, आणि मनगटावरच्या घड्याळात बघितलं. बाराची गाडी त्यांना हैदराबादच्या विमानासाठी गाठायची होती.

सर मला व्हरांड्यात भेटले. “हे तिथं बोलायची गरज होती का?”

“त्यांनी विचारलं, सर.”

“विचारलं म्हणून सगळं सांगतात का? आपल्या घरातलं होतं. मला सांगायचंस, मी बघितलं असतं.”

“काय बघितलं असतं, सर?”

ते वळले आणि पाहुण्यांच्या गाडीकडे गेले.

बारा वाजून अकरा मिनिटांनी सातवा बिंदू आला. रेषा तिथे वळत होती. मी ईमेल केली. दोन दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: बिंदू मिळाला, आलेख चांगला आहे. आणखी आठ दिवसांनी विभागाच्या पत्त्यावर पत्र आलं. त्यात सारिकाचं नाव होतं.

त्या दहा दिवसांत आम्ही खोलीत एकमेकींशी कामापुरतं बोललो. ज्या दिवशी ती निघाली, त्या दुपारी मी पलंगावर बसून वाचत होते आणि ती ट्रंक भरत होती. साड्या, पुस्तकं, पितळी डबा. दोरी बांधायला तिला दुसरा हात हवा होता. मी उठून गाठीवर बोट धरलं. तिने दोरी आवळली.

“सोमवारी सकाळी तुझा अॅडॅप्टर काढायच्या आधी मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले,” ती म्हणाली. “तुला खरं वाटणार नाही.”

“वाटतं.”

“मला एकाच गोष्टीचा धीर होता. कळलं तरी ती कुणाला सांगणार नाही, वैजू आहे ती. दुसरी कुणी असती तर मी हात लावला नसता.” तिने दुसरी गाठ मारली. डोळे भरलेले होते, आवाज कडक होता. “पाच वर्षं एका ताटात जेवलो आपण. आणि भरल्या सभेत, पाहुण्यांसमोर. आता तिथं मी कुठल्या तोंडानं जाऊ? असं करशील असं वाटलं नव्हतं मला.”

रिक्षावाल्याने खालून हाक मारली.

“मलाही वाटलं नव्हतं,” मी म्हणाले, आणि ट्रंकेची एक कडी धरली. दुसरी तिने धरली. जिना अरुंद होता, ट्रंक जड होती. आम्ही दोघींनी मिळून ती खाली नेली.